पासपोर्टसोबत सिकलसेलचा रिपोर्टही हवा

वस्तीतल्या एका आईने परवा आम्हाला विचारले, "ताई, पोरगा कंपनीच्या कामाने इक्वेडोरला चालला. दोन दिवस राजधानी पाहतो म्हणतो. काही औषध द्यायचं का?" आपली मुले शिकून इतक्या दूर जाऊ लागली, याचा आनंदच आहे. पण आम्ही उलट विचारले, "त्याचा सिकलसेलचा रिपोर्ट कुठे आहे?" ती गप्प झाली. मुलगा एएस, म्हणजे वाहक. लग्न जमेपर्यंत कुणाला कळू नये म्हणून रिपोर्ट कपाटात दडवलेला.

इक्वेडोरची राजधानी क्विटो सुमारे २८५० मीटर उंचीवर आहे. आपले नागपूर जेमतेम ३०० मीटरवर. क्विटोची हवा विरळ. एका श्वासात समुद्रकाठच्या साधारण ७० टक्केच प्राणवायू मिळतो. पोहोचल्यावर काही तासांनी डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. धडधाकट तरुणालाही हा त्रास होतो. तिथल्या लोकांचे शरीर त्या हवेला सरावलेले असते. आपल्याला सरावायला दोन-तीन दिवस तरी लागतात. आणि सहल दोनच दिवसांची! म्हणून पाहुणे पहिल्याच दिवशी केबल कारने पिचिंचा डोंगरावर, सुमारे ४००० मीटरवर जातात. ही घाई आम्हाला मान्य नाही. पहिल्या दिवशी जुन्या शहरात सावकाश फिरावे, दारू टाळावी. बसल्या जागी दम लागला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरून दवाखाना गाठावा.

सिकलसेल असेल तर धोका आणखी वाढतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. एसएस रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा उंचीवर जाऊच नये. एएस वाहकांपैकी बहुतेकांना काही होत नाही. पण उंचीवर काही वाहकांच्या पाणथरीचा रक्तपुरवठा अडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर गॅस समजून अंगावर काढू नका. "मी सिकलसेल वाहक आहे," हे तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. न सांगता त्यांना ते कसे कळणार?

आईबापांनो, सिकलसेल रक्तातून येतो, त्यात कुणाचा दोष नाही. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याच्यापासून तरी रिपोर्ट लपवू नका. तपासणी झाली नसेल तर तिकीट काढण्याआधी करून घ्या.