नोंदवहीबाहेरचे संचित

प्राध्यापक सेवानिवृत्त होतो त्या दिवशी महाविद्यालयाचा कारकून जडवस्तुसंग्रहाची नोंदवही घेऊन त्याच्या खोलीत येतो, मेज एक, खुर्च्या तीन, लोखंडी कपाट एक अशी प्रत्येक जिनसाची रुजुवात घेतो आणि मोजदाद जुळली म्हणजे ना-देय दाखल्यावर सही होते. संस्थेच्या मालमत्तेविषयीची ही दक्षता उचितच आहे. परंतु छत्तीस वर्षे भूशास्त्र शिकविल्यानंतर माझी खोली रिकामी करण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या खोलीचे खरे संचित त्या वहीत कोठेच दाखल नाही, हे मला तीव्रतेने जाणवले.

माझ्या मेजावर कागद दाबून ठेवण्यासाठी एक काळा दगड असे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्यातील द्रव्यांनी त्या पोकळ्यांत झिओलाइटांचे स्फटिक घडविले. त्यांपैकीच शुभ्र स्टिल्बाइट या दगडाच्या पोटात होता. नाशिक जिल्ह्यातील आपल्या शेतात विहिरीसाठी लावलेल्या सुरुंगाने निघालेला तो तुकडा एका विद्यार्थ्याने जुन्या सदऱ्यात गुंडाळून एस.टी.ने माझ्यासाठी आणला. "सर, पाणी नाही लागलं, हा लागला," एवढेच तो म्हणाला, आणि त्या वर्षाअखेर त्याने शिक्षण सोडले. त्यानंतर फीची मुदत वाढवून मागण्यासाठी जो जो विद्यार्थी माझ्यासमोर उभा राहिला, त्याचा अर्ज वाचण्यापूर्वी माझी दृष्टी त्या दगडाकडे जात असे.

अशा वस्तूंचे मोल केवळ खाजगी असते, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. कोणत्या गावी, किती खोलीवर सापडला हे ठाऊक नसलेला दगड संशोधकाच्या फारशा उपयोगाचा राहत नाही. त्याची चिठ्ठी हरवली की त्याची साक्षही संपते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरची धूळ खात पडलेली दप्तरे शोधून 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले, ते क्षुल्लक भासणाऱ्या कागदालाही साक्षीचा अधिकार असतो या श्रद्धेनेच. मग अध्यापकाच्या खोलीतील साक्षीदार मात्र मुके का राहावेत?

म्हणून प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की, खोलीची किल्ली परत घेण्यापूर्वी त्यांनी त्या अध्यापकाजवळ एक तास बसावे, प्रत्येक वस्तू कोणी, कोठून व कशासाठी आणली हे विचारावे आणि तो तपशील विभागाच्या दप्तरी दाखल करावा. माझा दगड आता विभागाच्या संग्रहात आहे. त्याच्या चिठ्ठीवर गाव, विहिरीची खोली, साल आणि तो आणणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले आहे.