अख्खा अल्बम ऐका, राव!

"एखादं भारी गाणं पाठव ना," असं हॉस्टेलवर कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय वडापाव आहे, एक उचलला नि खाल्ला? 'येस'चं 'क्लोज टू द एज' (१९७२) हे एकच गाणं १८ मिनिटांचं. बदलापूरला लावलं की अंबरनाथ, उल्हासनगर मागे पडून कल्याण जवळ येतं, तेव्हा कुठे संपतं. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) तर गाणी एकमेकांत मिसळलेली. शफल लावलंत की संपलंच!

मी नि माझा रूममेट लोकलमध्ये एक इयरफोन दोघांत लावायचो. 'मनी'मधली नाण्यांची खणखण निम्मी त्याच्या कानात, निम्मी माझ्या. यंदा तो पास होऊन चाललाय. त्याआधी एकदा रूमवर स्पीकर लावून पूर्ण ४३ मिनिटं ऐकायचं ठरलंय. तुम्हीही या. फक्त मध्ये बोलायचं नाही.