वेष्टन : शोभेसाठी की रक्षणासाठी?

भंडारा–नागपूर महामार्गावरील शहापूरसारख्या गावांतील उत्पादकांपुढे आज एक नवा मोह उभा आहे. शहरातील दुकानांत प्रक्रिया केलेली फळे व भाज्या रंगीत, चकचकीत पिशव्यांतून विकली जातात. आपले लोणचे वा आमचूरही तशाच पिशवीत भरले की ग्राहक आपोआप मिळेल, असा समज त्यामुळे बळावत आहे. हा समज अपुरा आहे. वेष्टन मालाच्या प्रकृतीला मानवले नाही, तर एका पावसाळ्यात माल नासतो आणि बुडते ती बहुधा बचतगटातील भगिनींची पुंजी.

ओलावा, हवा, प्रकाश व सूक्ष्म जंतू हे मालाचे चार शत्रू होत. आमचूर, आवळा-सुपारी, वाळविलेल्या भाज्या यांचा मुख्य वैरी ओलावा. साधी पॉलिथिनची पिशवी पाणी अडविते; परंतु हवा व सुवास यांना पुरता अटकाव करीत नाही. दीर्घकाळ ठेवावयाच्या अशा मालास ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली पिशवीच योग्य. लोणच्याची गोष्ट निराळी. त्यातील मीठ व आम्ल पत्र्यास खातात. म्हणून काचेची बरणी उत्तम. ती जड व फुटणारी खरी. पण जवळच्या बाजारात रिकामी बरणी परत घेऊन, धुऊन व उकळून पुन्हा वापरता येते. अनेक थरांच्या पिशवीचा पुनर्वापर मात्र कठीण. ती शेवटी बांधावर व नाल्यात साचते.

उत्तम वेष्टनही सदोष प्रक्रिया झाकू शकत नाही. आंबट फळांचे पदार्थ उकळत्या पाण्याच्या उष्णतेने निर्जंतुक होतात. वाटाणा, घेवडा यांसारख्या आम्ल कमी असलेल्या भाज्या हवाबंद करावयाच्या तर दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते; अन्यथा प्राणघातक विष निर्माण होण्याचा धोका असतो. घरगुती साधनांनी हा प्रयोग करू नये. भाजी वाळवावी किंवा तिचे लोणचे घालावे.

१९५५ च्या फळ उत्पादन आदेशाची जागा पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. २०१८ च्या वेष्टन नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली, तसेच एकदा वापरलेला पत्र्याचा डबा अन्नासाठी पुन्हा वापरण्यासही. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तारीख, उत्पादकाचा पत्ता व नोंदणी क्रमांक लेबलावर असणे अगत्याचे आहे.

ग्रामसेवकांनी चार-सहा गटांची गरज एकत्र करून बरण्या व पिशव्या घाऊक घ्यावयास लावाव्यात. प्रत्येक घाणीतील दोन नग बाजूस ठेवून पावसाळाभर तपासावेत. जे वेष्टन या कसोटीस उतरेल, त्यावरच पुढच्या हंगामाचा पैसा घालावा. ग्राहक पहिली बरणी रंग पाहून नेतो. दुसरी नेतो ती पहिलीतील चवीवर.