रीति म्हणजे रस नव्हे

युरोपखंडांतील शास्त्रीय संगीतानें विसाव्या शतकांत जें नवें रूप धारण केलें, त्याविषयीं आपल्याकडील संगीतप्रेमी मंडळींत दोन मतें रूढ झालेलीं आढळतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, हें संगीतच नव्हे. हा गणिती लोकांनीं मांडलेला कोलाहल आहे, आणि ज्यास कान आहेत त्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. दुसरा पक्ष बहुधा अधिक वाचलेल्या लोकांचा असतो. तो म्हणतो कीं, ज्यांस हें संगीत रुचत नाहीं त्यांस तें समजत नाहीं; त्यामागचा नियम आधीं शिकून घ्यावा, मग गोडी आपोआप लागेल. या दोन पक्षांत हाडवैर आहे असें वरवर पाहणारास वाटेल. आमचें म्हणणें असें आहे कीं, दोघेही एकाच चुकीच्या पोटीं जन्मलेले सख्खे भाऊ आहेत. रचना कोणत्या रीतीनें केली हें पाहून दोघेही तिचा निवाडा करतात. ती कानावर पडली तेव्हां काय झालें, हें दोघांपैकीं एकही सांगत नाहीं.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊं. व्हिएन्ना येथील आर्नोल्ड शोएनबर्ग यानें १९२१ ते १९२३ या काळांत जी पद्धति सिद्ध केली, ती या पक्षास सर्व अनर्थाचें मूळ वाटते. पद्धति थोडक्यांत अशी: सप्तकांतील शुद्ध व विकृत मिळून जे बारा स्वर, ते रचनाकारानें आपल्या इच्छेनुसार एका क्रमानें मांडावे, आणि सबंध रचना त्या क्रमांतून काढावी. तो क्रम शेवटाकडून आरंभाकडे वाचतां येतो; चढ तेथें उतार व उतार तेथें चढ असा फिरवितां येतो; फिरविलेला क्रमही उलट वाचतां येतो; आणि या चारही रूपांचा आरंभ बारांपैकीं कोणत्याही स्वरावर करतां येतो. एका क्रमाचीं अशीं ४८ रूपें झालीं. कोणत्याही एका स्वरास षड्जाचें सिंहासन मिळूं नये, बाराही समान असावे, हा यांतील हेतु. हें ऐकून आपला रसिक कानांवर हात ठेवतो आणि विचारतो: जेथें षड्ज नाहीं तेथें घर कोठलें, आणि घर नाहीं तेथें परतण्याचा आनंद कोठला?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर नियमाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. शोएनबर्गचाच शिष्य आल्बान बर्ग यानें १९३५ सालीं व्हायोलिन व वाद्यवृंद यांकरितां एक मोठी रचना केली. मानोन ग्रोपियस ही अवघी अठरा वर्षांची मुलगी त्या वर्षीं वारली. तिच्या स्मृतीस ती अर्पण केलेली आहे, आणि तें वर्ष सरण्यापूर्वीं बर्गही गेला. नियम तोच, बारा स्वरांचा. परंतु बर्गनें आपला क्रम असा बांधला कीं, त्यांतून जुन्या पद्धतीचे स्वरमेळ सहज उमटावे, आणि क्रमाचे शेवटचे चार स्वर बाखच्या एका प्रार्थनागीताच्या पहिल्या चार स्वरांशीं चढाच्या अंतरानें जुळावे. शेवटच्या भागांत तें प्रार्थनागीत वाद्यांतून प्रगट होतें, तेव्हां तें बाहेरून आणून चिकटविल्यासारखें वाटत नाहीं. इतका वेळ जें आंत दबलेलें होतें तेंच आतां बोलूं लागलें असें वाटतें. ४८ रूपांचा ज्यास गंधही नाहीं अशा श्रोत्याचाही कंठ येथें दाटून येतो. मग ‘या नियमांतून रस निघणें शक्य नाहीं’ हें विधान कोठें राहिलें?

पहिल्या पक्षाचें तोंड असें बंद झालेलें पाहून दुसऱ्या पक्षास हर्ष होईल. पण त्यानें घाई करूं नये. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्यें प्येर बूलेझ यानें शोएनबर्गचा नियम स्वरांपुरता न ठेवतां तो स्वरांच्या लांबीस, जोरास आणि आघाताच्या प्रकारासही लाविला. दोन पियानोंकरितां लिहिलेल्या ‘स्ट्रुक्त्यूर’ या रचनेच्या आरंभीं (१९५१-५२) रचनाकाराच्या लहरीस जवळजवळ जागाच ठेवलेली नाहीं. त्याच १९५१ सालीं अमेरिकेंत जॉन केज यानें पियानोकरितां ‘म्यूझिक ऑफ चेंजेस’ रचिलें. त्याची रीति अगदीं उलट. त्यानें नाणीं उडविलीं, तीं पडतील त्याप्रमाणें ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा कौल घेतला, आणि कौल मिळेल तसे स्वर मांडले. एक रचना नियमाची, दुसरी दैवाची. दोन्ही एकामागून एक ऐकाव्या आणि कागद न पाहतां सांगावें कीं, नियमाची कोणती व दैवाची कोणती. आम्हांस तरी केवळ कानानें हा निवाडा करणें दुर्घट वाटतें. ज्या नियमाचा परिणाम दैवाच्या परिणामाहून वेगळा ऐकूं येत नाहीं, त्या नियमाचा श्रोत्यास उपयोग काय?

हा आक्षेप कोणा अडाणी श्रोत्याचा आहे असें समजून तो उडवून लावण्याची सोय नाहीं. यानिस क्सेनाकिस हा स्वतः गणिताचा भक्त, आणि ल कॉर्ब्यूझिए याच्या कचेरींत काम केलेला मनुष्य. त्यानेंच १९५५ सालीं असा अभिप्राय मांडला कीं, या पद्धतीनें विणलेले धागे इतके गुंततात कीं श्रोत्यास धागा दिसतच नाहीं. त्यास केवळ स्वरांचा पुंज ऐकूं येतो. आणि पुंजच ऐकूं यावयाचा, तर तो पुंज म्हणूनच कां घडवूं नये? त्याच वर्षीं जर्मनींत त्याची ‘मेटास्टासिस’ ही रचना प्रथम वाजविली गेली. तींत तंतुवाद्यांचे वादक एकाच स्वरापासून निघतात आणि प्रत्येक जण आपापल्या वेगानें घसीट घेत दूर जातो. त्या आंखणींतही गणित आहेच. पण त्या गणितानें जें घडविलें तें, पंखा उलगडावा तसें, कोणासही ऐकूं येतें. बूलेझ व क्सेनाकिस यांच्यांतील भेद गणित असण्या-नसण्याचा नव्हे. गणित कानापर्यंत पोहोंचलें कीं नाहीं, याचा आहे.

दुसऱ्या पक्षाचा खरा किल्ला मात्र निराळाच आहे. मिल्टन बॅबिट या अमेरिकन रचनाकारानें १९५८ सालीं एका नियतकालिकांत लेख लिहिला. त्यास संपादकानें दिलेला उद्धट मथळा बॅबिटचा नव्हता, हें न्यायाकरितां सांगितलें पाहिजे. पण लेखाचा मुद्दा त्याचाच होता. प्रगत गणित किंवा पदार्थविज्ञान सामान्य माणसास कळावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. मग प्रगत संगीतानेंच सार्वजनिक सभागृहांत जाऊन टाळ्यांची भीक कां मागावी? त्यानें विद्यापीठाच्या आश्रयास राहून आपली वाढ करावी. युक्तिवाद सुबक आहे, आणि विद्यापीठानें कलेस आश्रय द्यावा यास आमची ना नाहीं. परंतु उपमाच लंगडी आहे. गणितांतील प्रमेय कागदावर सिद्ध होतें. तें एकानेंही वाचलें नाहीं तरी खोटें ठरत नाहीं. स्वर कागदावर सिद्ध होत नाहीं. पाकशास्त्राचें पुस्तक निर्दोष असलें म्हणून पंगत जेवली असें होत नाहीं. आणि पाहुण्यानें पान टाकून उठावें, तर त्यास पुस्तकाचें पृष्ठ दाखविणारा यजमान हास्यास्पद होतो.

येथें कोणी म्हणेल कीं, कानास संवय लागावी लागते. विलंबित ख्याल प्रथम ऐकणारास तरी कोठें गोड लागतो? हें आम्ही सर्वस्वीं मान्य करतों. कान शिकावा लागतो. एका श्रवणांत निवाडा करणारा रसिक नव्हे. परंतु कान ऐकून शिकतो, वाचून नव्हे. पंडित भातखंडे यांनीं रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली, आणि ती मराठींत ग्रंथरूपानें लिहून ठेवून आपल्यावर अनंत उपकार केले. पण थाट, आरोह, अवरोह, वादी आणि संवादी एवढें पाठ केलें म्हणून कोणास यमन गातां आला, किंवा दुसऱ्याच्या यमनानें त्याचे डोळे पाणावले, असें आमच्या ऐकिवांत नाहीं. आपल्या घरीं जें आपण कधींही मानणार नाहीं, तें परक्याच्या घरीं विद्वत्तेच्या नांवाखालीं कां मानावें?

याच संदर्भांत आपल्या अभिमानी मंडळींशींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवराजा सिंघणाच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांतील १२० देशी तालांची यादी सातशें वर्षांनीं ओलिव्हिए मेसियां या फ्रेंच रचनाकाराच्या हातीं लागली, आणि त्यानें ते ताल आपल्या अनेक रचनांत योजिले. एवढें कळतांच आपल्याकडे विजयाचा डंका वाजूं लागतो. तो वाजविण्यापूर्वीं मेसियांनें घेतलें काय हें पाहावें. महायुद्धांत तो जर्मनांचा कैदी असतां गोर्लिट्झ येथील छावणींत त्यानें क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो व पियानो यांकरितां एक रचना पुरी केली. तिच्या नांवाचा अर्थ ‘कालाच्या अंताकरितां चौकडी’ असा आहे, आणि ती १५ जानेवारी १९४१ रोजीं त्याच छावणींत वाजविली गेली. तिच्या पहिल्या भागांत रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या तीन तालांच्या मात्रा एकापुढें एक ठेवून १७ कालखंडांची मालिका केली आहे, आणि तिच्यावर २९ स्वरमेळांची मालिका फिरत ठेविली आहे. १७ व २९ या दोन्ही मूळ संख्या. म्हणून ४९३ पायऱ्या चालून गेल्याखेरीज दोन्ही मालिकांचे आरंभ पुन्हां जुळावयाचे नाहींत, आणि त्यापूर्वींच तो भाग संपतो.

आपल्या तालाचा प्राण सम. मेसियांनें नेमकी समच काढून टाकली; त्यानें मात्रांचा क्रम घेतला, आवर्तन घेतलें नाहीं. तेव्हां हा देवगिरीचा दिग्विजयही नव्हे, आणि आपल्या परंपरेचा भ्रष्टाकारही नव्हे. ही त्याची स्वतःची कृति आहे. ती ऐकणारा ४९३ मोजीत बसत नाहीं. पण कोठेंच येऊन न पोहोंचणारा, जागच्या जागीं तरंगत राहिलेला काल त्यास ऐकूं येतो, आणि तोच रचनाकारास अभिप्रेत होता. नियम नियम म्हणून ऐकूं आलाच पाहिजे असा आमचा हट्ट नाहीं. त्याचें फळ ऐकूं आलें पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.

ही मागणी संकुचित आहे काय? एस्टोनियाच्या आर्व्हो पॅर्ट यानें १९७६ पासून जी रीति धरली तींत एक स्वरपंक्ति पायरीपायरीनें चालते, आणि दुसरी एका स्वरमेळाच्या तीनच स्वरांतून, ठरलेल्या नियमानें, तिची सोबत करते. हें बंधन शोएनबर्गच्या बंधनापेक्षां सैल नव्हे. तरी फल इतकें निर्मळ कीं लहान मूलही गप्प बसून ऐकेल. उलट हंगेरियन लिगेती याच्या १९६१ च्या ‘आत्मोस्फेर’मध्यें चालही नाहीं आणि ठेकाही नाहीं. ती रचना १९६८ सालीं स्टॅन्ली क्युब्रिकच्या अंतराळविषयक चित्रपटांत वाजली, आणि ‘हें संगीत नव्हे’ म्हणणारे लाखों लोक अंधारांत श्वास रोधून ती ऐकत बसले. कान त्यांचे तेच होते. फक्त त्या घटकेस कोणी त्यांस कोष्टक दाखवीत नव्हतें.

आमच्याविरुद्ध एक अवघड उदाहरण मात्र आम्हीच पुढें ठेवतों. पोलंडच्या पेंडेरेत्स्की यानें १९६० सालीं ५२ तंतुवाद्यांकरितां केलेल्या रचनेचें नांव आरंभीं केवळ तिच्या कालावधीचें, म्हणजे आठ मिनिटें सदतीस सेकंद, असें होतें. पुढें ती हिरोशिमाच्या बळींस अर्पण झाली, आणि त्या नांवानें जगभर गाजली. आतां तींतील आक्रोश स्वरांचा कीं नांवाचा? आमचें उत्तर असें कीं, दोहोंचा. आणि म्हणूनच श्रोत्यानें ती एकदां नांव विसरून ऐकावी. कोष्टक जसें कानावर पडदा टाकतें तसें नांवही टाकूं शकतें.

वामनानें रीतीस काव्याचा आत्मा म्हटलें, आणि पुढील आचार्यांनीं रसाचा पक्ष घेऊन तो वाद कधींच निकालांत काढला. साहित्यांत जो निर्णय हजार वर्षांपूर्वीं लागला, तो संगीताच्या समीक्षेंत अजून लागूं नये हें नवल आहे. या विषयावर लिहिणारांस आमची विनंति इतकीच कीं, रचना आधीं दोनदां ऐकावी, काय ऐकिलें तें साध्या मराठींत लिहावें, आणि त्यानंतरच नियमाचें पुस्तक उघडावें. जो हें करील त्याचा प्रतिकूल निर्णयही आम्ही आदरानें वाचूं. जो न ऐकतां धिक्कार करतो, आणि जो न ऐकतां स्तुति करतो, त्या दोघांसही संगीताविषयीं मत देण्याचा अधिकार पोहोंचत नाहीं.