कोरी नोंदवही

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ख्यातनाम आहे. पारंपरिक कुंकू हळदीचे आणि आपली अनेक चूर्णेही हळदीची. कपाळी लावावयाच्या मालाचे पोते व पोटात घ्यावयाच्या मालाचे पोते यांतील फरक रंगावरून कळत नाही. तो परीक्षणानेच कळतो.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न तपासलेले ग्लिसरॉल १४ रुग्णांना भोवले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापाशी न थांबता रुग्णालय व औषध प्रशासन यांचेही दोष दाखविले. तो अहवाल मनावर घेतला कोणी? २०२५ साली छिंदवाडा परिसरात त्याच द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली.

‘हे ॲलोपॅथीचे’ म्हणून आपण हात झटकू नयेत. अनुसूची ‘टी’नुसार तक्रारींची नोंदवही आणि अनिष्ट परिणामांची स्वतंत्र नोंदवही आपल्या निर्मात्यांनाही बंधनकारक आहे. कित्येक ठिकाणी ती कोरीच असते. वर त्याचा अभिमानही बाळगला जातो! तक्रार आली की डबा बदलून द्यावयाचा, वैद्यांना चहा पाजावयाचा, विषय संपला. बॅच क्रमांक कोणी विचारीत नाही.

वैद्यांनीही प्रत्येक उलटी वा पुरळ रुग्णाच्या अपथ्यावर ढकलू नये. बॅच क्रमांकासह लेखी कळवावे. अशी चिठ्ठी येताच फार्मसीचालकाने प्रथम राखून ठेवलेला नमुना तपासावा, त्याच पोत्यातून आणखी काय बनले ते पाहावे. चुकलेला कामगार कोण, हे त्यानंतर.