यतीम नसलेलं पोर

दरवर्षी वर्गात प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घेते, तेव्हा मुलं हळवी होतात. हमीदचे आईबाप वारलेले, सांभाळायला म्हातारी दादी अमीना. जत्रेत तीन पैशांत तो स्वतःसाठी खेळणं न घेता दादीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा घेतो. यतीम म्हटलं की आपलं काळीज पाघळतं. पाघळायलाच हवं. आपले पैगंबर स्वतः यतीम. आधी आजोबांनी, मग चाचा अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं.

पण ज्या पोराचे आईबाप जिवंत आहेत आणि तरी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, त्याला आपण काय म्हणतो? आपल्याकडे त्याच्यासाठी शब्दच नाही.

क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची ‘फॉस्टर’ ही छोटी कादंबरी अशाच पोरीची आहे. २०१० साली ती पुस्तकरूपात आली. पुढे तिच्यावर आयरिश भाषेत निघालेला ‘द क्वाएट गर्ल’ हा सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. शेतकऱ्याचं घर, लेकरांची रांग, आई पुन्हा गरोदर, आणि बाप पत्त्यांच्या डावात गाय हरणारा. तो मुलीला वेक्सफर्डमधल्या किन्सेला या आईकडच्या नातेवाइकांकडे सोडतो आणि तिची बॅग गाडीतून न उतरवताच निघून जातो. मारझोड नाही, शिव्या नाहीत. बापाला बॅगेची आठवणच राहत नाही, आणि मला तेच जास्त लागलं. लेखिकेनं मुलीला नावही दिलेलं नाही.

किन्सेला नवरा-बायको काय करतात? आंघोळ घालतात, नखं साफ करतात, केस विंचरतात, विहिरीवर सोबत नेतात. पोरगी धावत टपालपेटीपर्यंत जाते आणि तो माणूस घड्याळ लावून वेळ मोजतो. रात्री पुस्तक वाचून घेतो. पहिल्याच रात्री ती अंथरूण ओलं करते, तर बाई गादीलाच दोष देते, जुन्या गादीला पाणी सुटतं म्हणते. पोरीची अब्रू राखणारं हे एवढंसं खोटं मला फार मोठं वाटलं. या घरानं स्वतःचा मुलगा गमावला आहे, हे पोरीला उशिरा कळतं, तेही एका भोचक शेजारणीकडून.

हे वाचताना मला माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली. आईबाप दोघंही हयात. बाप दुसऱ्या शहरात नवा संसार मांडून बसलेला, आई माहेरी, आणि मुलगी गावात खालाजवळ. पूर्वी मळक्या गणवेशात, गृहपाठाविना येणारी पोरगी त्या वर्षी तेल लावलेल्या वेण्या घालून येऊ लागली. मी ते पाहिलं, पण पालकसभेला खाला आली तेव्हा सरळ म्हटलं, “आई नाहीतर वडलांना पाठवा.” ती मुकाट उठून गेली.

आज स्वतःचीच लाज वाटते. बीएडला बालमानसशास्त्र शिकले, मराठीच्या तासाला शब्दांचे अर्थ सांगते, आणि ‘पालक’ म्हणजे पाळणारा, पोसणारा, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. आपल्याकडे संगोपन केलं म्हणून मुलाचा नसब बदलत नाही, नाव बापाचंच राहतं. ठीक आहे. पण नाव बापाचं म्हणून सांभाळणाऱ्याची किंमत शून्य, असं कुठे सांगितलंय?

सगळेच नातेवाईक किन्सेला नसतात, हेही माहीत आहे. मामाच्या घरी फुकटची मोलकरीण होऊन राहिलेल्या भाच्या मी पाहिल्या आहेत. म्हणून तर कोण खरोखर सांभाळतंय, हे शाळेनं डोळे उघडून बघायचं असतं. कादंबरीत शेवटी मुलीला परत त्याच घरी सोडावं लागतं, कारण जपणाऱ्यांचा हक्क कुठेच लिहिलेला नसतो. सामान्यतः आपल्याकडेही नसतो.

पुढच्या सभेला मी खालाला मुद्दाम निरोप धाडला. ती आली, दाराशीच थांबली. नोंदवही पुढे केली तर पेन हातात धरून तिनं विचारलं, “टीचर, मेरी सही चलेगी ना?”