शेजाऱ्याविषयीची साक्ष

दरवर्षी 17 सप्टेंबरला जालना जिल्ह्यात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि निजामी राजवटीच्या अंताची कथा नव्या पिढीला सांगितली जाते. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे 15 तारखेला, भारतीय फौजेने जालना शहर ताब्यात घेतले. हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. त्या दोन वर्षांत कोणता माणूस कसा वागला, कोण भूमिगत झाला, कोणी भाकरी पोचवली आणि कोणी रझाकारांना घर दाखवले, हे मात्र पाठ्यपुस्तकात नाही. त्यातले थोडे सरकारी दप्तरात आहे, आणि तेही एका विशिष्ट कारणासाठी लिहिले गेलेले आहे. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ या शब्दांनी सुरू होणारी ती प्रतिज्ञापत्रे स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींत आहेत.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, 15 ऑगस्ट 1972 रोजी, केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. आरंभी ती वार्षिक 5000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांपुरती होती. 1980 मध्ये ही अट गेली आणि ‘साहाय्या’चा ‘सन्मान’ झाला. तुरुंगवास सोसलेल्यांना तुरुंगाचा दाखला पुरे होता. खरी अडचण भूमिगतांची. जो पोलिसांच्या नजरेतून निसटण्यात यशस्वी झाला, त्याच्या यशाचा पुरावा पोलिसांच्या दप्तरात कोठून असणार? जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांतून सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेल्या तरुणाची हजेरी निजामी सरकारने लिहून ठेवली नव्हती. म्हणून नियमाने एक वाट काढली. कागद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा आणि ज्याने स्वतः दीर्घ कारावास भोगला आहे अशा स्वातंत्र्यसैनिकाने, ‘हा माझ्या माहितीतला माणूस आहे,’ असे प्रमाणित करावे. ही वाट न्याय्यच होती. 2001 मध्ये गुरदियाल सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की अशा दाव्यांना फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा मागता येणार नाही. संभाव्यतेच्या कसोटीवर ते पारखावेत.

परंतु ज्या कागदावर दरमहा रक्कम अवलंबून असते, त्या कागदाला बाजारात किंमत येते. पुरवठा मर्यादित, मागणी वाढती आणि तपासणी दुबळी असली की पुढे काय होते, हे सांगायला अर्थशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाची गरज नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2005 च्या निकालात न्यायालयाला फसवणूक म्हणजे काय याचाच विस्ताराने ऊहापोह करावा लागला. त्या बातम्यांनी खऱ्या भूमिगतांची मान खाली गेली. त्याहून मोठी हानी अशी, की सगळीच प्रतिज्ञापत्रे खोटी, असा एक सोयीचा समज लोकांत रूढ झाला. हा समज आळशी आहे.

साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आयर्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. 1641 च्या ऑक्टोबरात अल्स्टर प्रांतात कॅथलिक आयरिशांनी उठाव केला. जमिनी बळकावून वसवलेल्या प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांची घरेदारे लुटली गेली, अनेक मारले गेले, कित्येक थंडीत उघड्यावर हाकलले गेल्याने मेले. जे डब्लिनला पोचले त्यांच्या जबान्या शपथेवर घेण्यासाठी हेन्री जोन्स या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली एक आयोग नेमण्यात आला. पुढील दशकातील जबान्या धरून सुमारे 8000 साक्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 31 खंडांत जपून ठेवल्या आहेत. त्यांतील कित्येक कागद म्हणजे नुकसानीच्या याद्याच आहेत: इतक्या गाई, इतके धान्य, इतकी येणी, आणि खाली लुटणाऱ्या शेजाऱ्याचे नाव. प्रत्यक्ष पाहिलेले आणि कानावर आलेले एकाच शपथेखाली बसले. 1646 मध्ये सर जॉन टेंपल याने त्यांतील भीषण तेवढे निवडून पुस्तक रचले आणि मृत व परागंदा मिळून संख्या 3 लाखांवर नेली. आजचे अभ्यासक मृतांची संख्या काही हजारांत मोजतात. मधल्या काळात मात्र क्रॉमवेलच्या राजवटीने आयरिश कॅथलिकांच्या जमिनी जप्त केल्या, आणि त्या जप्तीच्या समर्थनाला हीच शपथ कामी आली.

तरीही ट्रिनिटी कॉलेजाने ते खंड खोटे म्हणून जाळले नाहीत. 2010 मध्ये ते सर्वांना वाचण्यासाठी खुले झाले. आता अभ्यासक त्यांत केवळ हत्या शोधत नाहीत. बाजारभाव, कर्जव्यवहार, कसब, आणि आश्रय देणाऱ्या आयरिश शेजाऱ्यांचे उल्लेखही शोधतात. ज्या प्रश्नाच्या उत्तरादाखल साक्ष दिली गेली, तो प्रश्न ओळखला की साक्षीतला उरलेला भाग बोलू लागतो.

आपल्याकडे प्रश्न एकच विचारला गेला: अर्जदार लढ्यात होता काय? दुसरा प्रश्न कोणी शपथेवर विचारला नाही. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्यासंबंधी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी हैदराबाद संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत किमान 18 हजार, आणि औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक मिळून किमान 5 हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज आहे. आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग त्या वेळी औरंगाबादेतच होता. हे पथक सलोख्यासाठी गेले होते. रीतसर चौकशी हे त्याचे काम नव्हते. अहवाल कित्येक दशके प्रकाशित झाला नाही. त्यात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदी आहेत. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याचाही उल्लेख आहे. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण ठेवणाऱ्याने हे सांगू नये, असा एक अलिखित संकेत पडला आहे. दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी एकाच गल्लीत घडल्या; एकीची प्रतिज्ञापत्रे झाली, दुसरी घरात कुजबुजत राहिली.

1948 साली विशीत असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे. तोंडी साक्ष मिळण्याची मुदत संपत आली. उरतील ते कागद. कचेरीत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे, की दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि अ वर्गाखेरीज सर्व कागदांना नाशाची तारीख असते. ब वर्गाला सुद्धा 30 वर्षांचेच आयुष्य. निवृत्तिवेतनधारक व त्याची पत्नी दिवंगत झाली, की ती फाईल कारकुनाच्या दृष्टीने संपते. ती संपू नये, यासाठी मंजूर आणि नामंजूर अशा दोन्ही प्रकारच्या फायली कायमस्वरूपी वर्गात टाकाव्या लागतील. नामंजूर फायलींचे मोल अधिकच आहे, कारण कोणाची साक्ष कोणी मानली नाही हे त्यांतच कळते. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला; परतूर त्यापूर्वी परभणीत होते. त्यामुळे आरंभीच्या दशकातील कागदांचा शोध तिन्ही जिल्हा कचेऱ्यांत घ्यावा लागेल. निजामी पोलिसांचे आणि न्यायालयांचे कामकाज उर्दूत चालत असे. प्रतिज्ञापत्रातील मराठी मजकूर त्या उर्दू नोंदीशी ताडून पाहू शकेल असा इतिहासाचा विद्यार्थी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत आज शोधावा लागतो. उर्दू वाचणारी घरे मात्र जुन्या जालन्यात भरपूर आहेत, आणि त्यांना या कामासाठी अद्याप कोणी बोलावलेले नाही.